डोलीची वाट



वसंत व्याख्यानमालेत उभे राहून थंडीची गोष्ट सांगणे हा थोडा अप्रासंगिक उद्योग आहे, हे आम्ही जाणतो. आपण हातातल्या कार्यक्रमपत्रिकेचा पंखा करून वारा घेत आहात आणि आम्ही मात्र शेकोटी, दंव आणि घोंगडी यांच्याविषयी बोलणार! पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा घातली, ती काही हवामानाची चर्चा करण्यासाठी नव्हे. उन्हाळ्यात हाताला थोडी सवड असते, त्या सवडीत चार माणसांनी एकत्र बसून आपल्या भोवतालचा विचार करावा, असा तिचा हेतू. शिवाय आजच्या गोष्टीचा शेवट थंडीत होत नाही, तो येत्या पावसाळ्यात होतो. म्हणून ती सांगण्याचा खरा मुहूर्त हाच आहे.

आमचे एक स्नेही आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, प्रकृतीने उत्तम, वजनाने पंचाऐंशी किलो. एका हिवाळ्यात ते गुलमर्गला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात एकच विषय उरला. बर्फावर चालणारी मोटार. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा पट्टा, वर फटफटीसारखी बैठक आणि पुढे बसलेला काश्मिरी वाटाड्या. "गुरुजी, चारी बाजूंना पांढरे रान, माणूस म्हणून दिसत नाही, आणि आपण भुर्रकन चाललो आहोत!" हे वाक्य त्यांच्याकडून आम्ही निदान वीस वेळा ऐकले असेल. पुढच्या खेपेला आम्हीही बरोबर यावे, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाला बर्फ परवडत नाही, हे त्यांना कसे सांगावे हे कळेना. शेवटी आम्ही म्हणालो, "निर्जन रान आणि थंडीच पाहिजे ना? मग जव्हार-मोखाड्याला चला. घसरायला बर्फ नाही, पण कारवीचा उतार आहे." हे आम्ही थट्टेने बोललो होतो. थट्टा कधी कधी अक्षरशः खरी होते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

२०२३ सालच्या जानेवारीत आम्ही दोघे स्नेह्यांच्या फटफटीवरून निघालो. जव्हार समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास. मुंबईची माणसे त्याला कौतुकाने 'मिनी महाबळेश्वर' म्हणतात. सहाशे वर्षे इथे महादेव कोळी घराण्याचे, मुकण्यांचे राज्य होते. १३४३ पासून त्या राज्याचा काळ मोजण्याची परंपरा आहे. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४८ हे साल आपण लक्षात ठेवावे, त्याचे पुढे काम आहे. आम्ही जयविलास राजवाडा पाहिला. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांची आणि जव्हारच्या राजाची भेट जिथे झाल्याचे सांगतात, तो शिरपामाळ पाहिला. दाभोशाचा धबधबा पाहिला. पावसाळ्यात तीनशे फुटांवरून कोसळणारे ते पाणी जानेवारीत दोऱ्यासारखे बारीक झाले होते. स्नेह्यांनी तोंड भरून स्तुती केली आणि शेवटी म्हणाले, "पण गुरुजी, हे सगळे रस्त्याकाठचे. रान कुठे आहे?"

रान मोखाड्याच्या पुढे होते. मोखाड्यात ओळखीच्या एका शिक्षकांनी आम्हाला एक वाटाड्या गाठून दिला. चाळिशीचा वारली गृहस्थ, अंगाने काटक, बोलायला कमी. त्यांचे नाव सांगण्याची परवानगी आम्ही घेतलेली नाही. आम्ही त्यांना 'दादा' म्हणत होतो, इथेही दादाच म्हणू. त्यांनी आमच्या बुटांकडे पाहिले, स्नेह्यांच्या पोटाकडे पाहिले आणि विचारले की, पाण्याची बाटली कोणी उचलायची? एवढ्यावरून आमची परीक्षा त्यांनी पुरी केली असावी.

डांबरी रस्ता संपला तिथे एका घराच्या अंगणात फटफटी ठेवून आम्ही पायी निघालो. दादांचा पाडा तिथून पाच किलोमीटर. वाट कधी ओढ्यातून, कधी बांधावरून आणि शेवटी एका दांडावरून वर चढणारी. ऐन, साग, खैर यांचे रान पानगळीने विरळ होत चाललेले. काटेसावरीला पहिल्या कळ्या. वाटेत शेंदूर लावलेला एक दगड होता, त्यावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले. तो वाघोबा. दादा तिथे क्षणभर थांबले, हात जोडले, पुढे निघाले. स्नेह्यांनी विचारले, "इकडे वाघ आहे का?" दादा म्हणाले की, बिबट्या आहे, पण त्याची वाट वेगळी, आपली वेगळी.

वाटाड्याचे ज्ञान म्हणजे काय, हे त्या दिवशी थोडे समजले. वाट दाखवणे ही त्यातली सर्वांत सोपी गोष्ट. ओढा कोरडा दिसत होता, आमची बाटली संपली होती. दादा वाळूत खेकड्यांची बिळे पाहत चालले. एका जागी बसून त्यांनी हाताने वाळू उकरली. हातभर खोलीवर ओल लागली, थोड्या वेळात ओंजळभर पाणी साठले. आधी गढूळ, मग निवळ. "खेकडा ओल सोडत नाही," एवढेच स्पष्टीकरण. पुढे सुके गवत गुडघ्याएवढे होते. स्नेह्यांनी खिशातून सिगारेट काढली, ती दादांनी एक शब्द न बोलता त्यांच्या बोटांतून काढून परत पाकिटात ठेवली. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला असे करण्याची छाती आजवर कोणाला झाली नसेल.

संध्याकाळी पाड्यावर पोहोचलो. कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली पंधरा-वीस घरे. उतारावर नागली आणि वरईची कापलेली शेते. पण पाड्यावर माणसेच फारशी दिसेनात. अर्ध्याअधिक घरांची दारे बांधलेली, अंगणात सुकलेला पाचोळा. एका ओट्यावर दोन म्हातारी माणसे, तीन-चार पोरे, एक शेळी. स्नेही हळूच म्हणाले, "काय शांतता आहे हो! गुलमर्गसारखीच." आम्हालाही ती शांतता आवडली होती, हे कबूल केले पाहिजे.

रात्री शेकोटीपाशी नागलीची भाकर, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी खाताना आम्ही दादांना विचारले, माणसे कुठे गेली? ते म्हणाले, भट्टीवर. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली, की पाड्यातली धडधाकट माणसे बायकापोरांसकट वीटभट्टीवर निघतात. भिवंडी, वसई, कल्याणकडे. पावसाळ्यात घरात काही नसते तेव्हा मालकाकडून उचल घेतलेली असते, ती विटा पाडून फेडायची. परत यायचे ते वैशाखाच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर. दादा यंदा मागे राहिले, कारण त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. म्हणजे ज्याला आम्ही रानाची शांतता म्हणत होतो, ती उचल घेतलेल्या माणसांच्या रिकाम्या घरांची शांतता होती. शेकोटी चांगली पेटलेली असूनही त्यानंतर बोलणे जरा थंडावले.

त्या रात्री थंडी कडाक्याची होती. कुडाच्या फटींतून वारा येत होता. एक गोधडी खाली, एक वर, आणि पेंढ्याची उशी. पहाटे बाहेर आलो तेव्हा छपरावरून दंव थेंबाथेंबाने गळत होते आणि खाली दरीत धुके कापसासारखे भरलेले. दूर एका कड्याखाली वैतरणेच्या खोऱ्यातले अडवलेले पाणी चकाकत होते. हे पाणी मुंबईचे. या नदीवर १९५७ मध्ये मोडकसागर झाला, १९७३ मध्ये अप्पर वैतरणा आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातले १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण. आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक मुंबईत असतील तर त्यांच्या नळाला या खोऱ्याचे पाणी येते. इथे शंभर इंचांवर पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हा विरोध वर्तमानपत्रांतून आपण पुष्कळदा वाचला आहे. आम्हीही वाचला होता. वाचण्यात आणि कड्यावर उभे राहून पाहण्यात अंतर आहे, एवढेच सांगतो.

आता थट्टा खरी कशी झाली ते सांगतो. सकाळी दहाच्या सुमारास स्नेह्यांनी खालच्या ओढ्यापर्यंत उतरायचे मनात घेतले. दादा म्हणाले की, ही वाट दंवाची आहे, ऊन लागेपर्यंत थांबा. स्नेही म्हणाले, "अहो, आम्ही बर्फावरून आलेली माणसे!" दहा पावलेही गेले नसतील, कारवीच्या ओल्या पाल्यावरून पाय सटकला आणि ते बसल्या बसल्या वीस-पंचवीस फूट खाली गेले. आम्हाला आधी हसू आले. मग त्यांचे ओरडणे ऐकू आले. पाऊल आत वळून घोट्यापाशी पाय सुजू लागला होता, आणि उभे राहणे अशक्य.

आम्ही खिशातून मोबाइल काढला. त्यावर घड्याळ होते, छायाचित्रे होती, होकायंत्रसुद्धा होते. फक्त संपर्क नव्हता. दादांनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी घराच्या वळचणीतून एक लांब बांबू काढला. जणू तो त्यासाठीच तिथे ठेवलेला असावा, आणि खरोखर त्यासाठीच तो ठेवलेला होता. बांबूला जाड चादर दोन्ही टोकांनी गाठ मारून बांधली, आणि डोली तयार झाली. दोन मिनिटे लागली नसतील. एवढी सराईत घाई आम्ही फक्त गाडी सुटताना हमालांची पाहिली आहे.

पण डोली उचलायला चार धड खांदे लागतात आणि पाड्यातले खांदे भट्टीवर गेलेले. उरले कोण? दादा, एक सोळा वर्षांचा मुलगा, साठी उलटलेले एक बाबा, आणि चौथे आम्ही. नाइलाज होता. पुढे दादा आणि बाबा, मागे तो मुलगा आणि आम्ही, अशी वरात निघाली.

पंचाऐंशी किलोचा माणूस बांबूला लटकवून पाच किलोमीटर नेणे म्हणजे काय, हे शब्दांनी सांगता येणार नाही. खांद्याला विचारावे लागेल. चढ आला की वजन मागच्यांवर येते, उतार आला की पुढच्यांवर. दर पन्नास पावलांवर खांदा बदलायचा. ओढ्यात दगडावर पाय ठेवताना पुढचा माणूस 'दगड' म्हणतो, मागचा तो शब्द पुन्हा म्हणतो; त्याशिवाय पाय उचलायचा नाही. आत बसलेल्या माणसाला प्रत्येक पावलाला झोका बसतो आणि प्रत्येक झोक्याला कळ येते. स्नेही आधी कण्हत होते, मग दिलगिरी व्यक्त करत होते, शेवटी गप्प झाले. येताना ज्या वाटेला आम्ही 'रम्य' म्हटले होते, ती तीच वाट होती. फरक एवढाच की आता ती आमच्या गरजेची झाली होती.

निम्म्या वाटेवर एका आंब्याखाली डोली टेकवली. बाबा घाम पुसत म्हणाले, "आज वाट कोरडी आहे. बरे आहे." आम्ही विचारले, पावसात काय करता? त्यांनी ओढ्याकडे बोट दाखवले. पाणी छातीपर्यंत आले की थांबायचे. उतरले की निघायचे. त्यांच्या सुनेला अशीच नेली होती, रात्रीची, पावसातून. मग? सून वाचली, असे ते म्हणाले. बाळाविषयी ते बोलले नाहीत आणि आम्ही विचारले नाही.

श्रोतेहो, ही एका बाबांचीच कहाणी असती तर आम्ही ती आमच्यापाशीच ठेवली असती. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्या सहलीच्या पाचच महिने आधी, मोखाडा तालुक्यातल्या मर्कटवाडीची बातमी साऱ्या देशाने वाचली होती. दिवस भरण्याआधी घरीच बाळंत झालेल्या एका मातेची जुळी बाळे गेली, आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला घसरड्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर डोलीतून न्यावे लागले. त्याच्या तीस वर्षे आधी, १९९२ मध्ये, जव्हारच्या वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. दर वेळी आपण हादरतो. आम्हीही दोन्ही वेळा हादरलो होतो. पण हादरलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा स्थिर होतो, हा त्याचा दोष आहे.

सुमारे तीन तासांनी रस्ता आला. जीप मिळाली, तालुक्याच्या दवाखान्यात पाय बांधला गेला. हाड मोडले नव्हते, स्नायू दुखावले होते. निघताना आम्ही दादांच्या हातात काही जादा पैसे ठेवू लागलो. त्यांनी हिशेब केला: वाटाड्याचे दोन दिवस, आणि तिघांची एकेक दिवसाची मजुरी. तेवढे घेतले, बाकीचे परत दिले. वर म्हणाले, "चौथा खांदा तुमचा होता गुरुजी, त्याची मजुरी तुम्ही तुमची घ्या." हा विनोद होता की हिशेब, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

घरी आल्यावर स्नेही तीन आठवडे अंथरुणावर होते. त्या काळात त्यांनी आपल्या लाडक्या बर्फावरच्या गाडीचा इतिहास वाचून काढला आणि एके संध्याकाळी आम्हाला बोलावून सांगितला. तो ऐकल्यावर हे व्याख्यान द्यावे असे आम्ही ठरवले.

कॅनडात क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे लहानसे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक गाड्या दुरुस्त करणारा कारागीर राहत असे. त्या काळी हिवाळ्यात खेड्यांचे रस्ते महिनेच्या महिने बर्फाखाली बंद. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचा नाद त्याला पोरवयापासूनच होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकाराने आजारी पडला. इस्पितळात नेले तर शस्त्रक्रियेने वाचण्याची आशा होती. पण रस्ते बंद, गाडी अजून तयार नाही. मूल गेले. त्यानंतर तो नाद नाद राहिला नाही. १९३७ मध्ये त्याच्या पट्ट्याच्या चाकाला स्वामित्वहक्क मिळाला आणि सात माणसे बसतील अशी बर्फावरची गाडी बाजारात आली. ती घेणारे कोण? डॉक्टर, गुरांचे वैद्य, पाद्री, टपालवाले. शाळेची मुले, पत्रे आणि आजारी माणसे त्या गाड्यांतून जाऊ लागली.

आणि मग १९४८ साल आले. क्वेबेकच्या सरकारने ठरवले की खेड्यापाड्यांचे रस्तेही हिवाळ्यात बर्फ उपसून मोकळे ठेवायचे. त्याबरोबर बोंबार्दिएच्या मोठ्या गाड्यांचा खप एकदम घसरला. रस्ताच खुला झाल्यावर रस्त्यावरून तरंगणारी गाडी कोणाला हवी? धंदा सांभाळण्यासाठी तो दुसऱ्या यंत्रांकडे वळला, आणि १९५९ मध्ये त्याने एकदोघांपुरती ती हलकी गाडी काढली, जिच्या वंशातल्या एकीवर आमचे स्नेही गुलमर्गला भुर्रकन फिरून आले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. एका मेलेल्या मुलासाठी बाप जी गाडी शोधत होता ती खेळणे झाली, हे वाईट झाले का? मुळीच नाही. आजाऱ्याला तिची गरज उरली नाही, म्हणून ती खेळणे होऊ शकली. आधी रस्ता मोकळा झाला, मग सहल सुरू झाली. आपल्याकडे क्रम उलटा आहे. सहल सुरू झाली आहे. आम्ही स्वतःच करून आलो. रस्ता अजून व्हायचा आहे. १९४८ मध्ये क्वेबेकच्या खेड्यांचे रस्ते उघडले. त्याच १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन झाले आणि ही माणसे लोकशाही राज्याची प्रजा, नव्हे, नागरिक होण्याच्या वाटेला लागली. पाऊण शतक झाले. वळचणीत बांबू अजून तयार आहे.

कोणी म्हणेल, डोंगर आहे, जंगल आहे, कायदा आड येतो. तेव्हा कायद्याचेही दोन शब्द. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने आदिवासी भागात अडीचशे वस्तीचे गाव ही मर्यादा धरली. पंधरा-वीस घरांचा पाडा तिच्यात बसत नाही, हे खरे. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची शिफारस असेल तर रस्ता, शाळा, दवाखाना अशा कामांना प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची तरतूद केली आहे. अट अशी की, हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे तोडावी लागू नयेत. आम्ही गणिताचे शिक्षक होतो, म्हणून हिशेब करून पाहिला. तीन मीटर रुंदीचा रस्ता धरला तर एका हेक्टरात तो तीन किलोमीटरांहून अधिक लांब जातो. दादांच्या वाटेतला शेताबांधाचा भाग वजा केला, तर रानातून जाणारी वाट तेवढ्यात बसावी. वैतरणेच्या पाण्याला शंभरावर किलोमीटर लांबच्या मुंबईची वाट सापडली. त्याच डोंगरातल्या बाळंतिणीला पाच किलोमीटरांची वाट सापडू नये, याला डोंगर जबाबदार नाही.

आमचे स्नेही आता बरे आहेत. गुलमर्गची गोष्ट ते अजूनही सांगतात, पण शेवटचे वाक्य बदलले आहे. 'माणूस म्हणून दिसत नाही' असे कोणी कौतुकाने म्हणाले की ते लगेच विचारतात, "कुठे गेली आहेत माणसे?" आपण सहलीला जरूर जा. जव्हार-मोखाड्याला जा, वाटाड्या घ्या, त्याची मजुरी चोख द्या आणि तो थांबा म्हणाला तर थांबा. पण परत आल्यावर, त्या वाटेने आजारी माणूस कसा नेतात, हा एक प्रश्न आपल्या प्रतिनिधींना विचारायला विसरू नका.

आज इथे आपण उकाड्याने हैराण आहोत. भट्ट्यांवर यंदाच्या शेवटच्या विटा पडत असतील. काही दिवसांत ती माणसे उचल फेडून, फेडली असेल तर, पाड्यावर परततील, घरांची दारे उघडतील, कूड सारवतील. त्यांच्यात काही गर्भार बायका असतील. मग मृगाचा पाऊस येईल आणि बाबांनी बोट दाखवलेला तो ओढा भरेल.

आमच्या खांद्यावरचा वळ महिनाभरात गेला.